गहाणातल्या पाटल्या घ्या, बोरमाळ थांबवा

पत्र: ताई, मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. चार-पाच तोळे तरी करायचे होते, पण भाव ऐकला की घशाला कोरड पडते. आमच्या ओळखीचे एक सराफ गहाणवटीचाही धंदा करतात. त्यांच्याकडे मुदत संपून बुडालेल्या दोन वस्तू आहेत, तीन तोळ्यांच्या पाटल्या आणि दीड तोळ्याची बोरमाळ. दोन्ही जुन्या घडणीच्या, सुंदर. 'आजच्या भावाहून दहा टक्के कमी लावतो, मजुरी नाही, जीएसटी नाही, रोख द्या आणि घेऊन जा,' असं ते म्हणतात. ह्यांचं मत, अशी संधी परत येणार नाही. सासूबाई म्हणतात, गहाण बुडालेलं सोनं म्हणजे कुणाचा तरी तळतळाट, पोरीच्या गळ्यात नको. धाकट्या दिरांचं तिसरंच, त्यांना तिथंच अडकून पडलेली एक मोटारसायकल घ्यायची आहे. काय करू?
— एक आई, तासगाव

उत्तर:

ताई, पाटल्या घ्यायला हरकत नाही, फक्त बिल आणि तपासणीशिवाय नको. बोरमाळ या भावात अजिबात घेऊ नका. मोटारसायकलचं नाव काढू नका. आता का, ते सांगते. तारण सोन्याच्या काउंटरवर माझी नोकरी झाल्यामुळे या विषयावर मी जरा लांबते, तेवढं सांभाळून घ्या.

'दहा टक्के कमी' हे ऐकायला गोड आहे. पण दहा टक्के कमी कशावर? पूर्ण वजनावर २२ कॅरेटचा भाव लावून त्यातून दहा टक्के. म्हणजे काट्यावर जे काही चढलं ते सगळं सोनं, आणि ते सगळं २२ कॅरेटचं, हे तुम्ही न बोलता मान्य केलंत. सगळी गोम इथेच आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा खरा भाव घालून हेच गणित पुन्हा मांडा. आणि तोळा म्हणजे १० ग्रॅम धरलाय की जुना ११.६६ ग्रॅमचा, हे आधी विचारून घ्या. जुने सराफ बोलण्याच्या ओघात दोन्ही वापरतात. मी १० ग्रॅमचा धरते.

पाटल्या ३० ग्रॅम. नव्या घेतल्यात तर सोन्याचे ३,००,०००, मजुरी बारा टक्के धरली तर ३६,०००, त्यावर तीन टक्के जीएसटी १०,०८०. एकूण ३,४६,०८०. गहाणातल्या घेतल्यात तर २,७०,०००. बिल करायला लावून वर पूर्ण तीन टक्के कर भरलात तरी २,७८,१००. म्हणजे अडुसष्ट हजारांच्या आसपास वाचतात, आणि हातात तीन लाखांचं सोनं येतं. अर्थात पाटल्या खरोखर २२ कॅरेटच्या आणि भरीव निघाल्या तर. पाटली हा दागिनाच असा की त्यात लपवायला जागा कमी. सपाट पट्टी असते, सांधे मोजके असतात. म्हणून मी पाटल्यांना हो म्हणते.

बोरमाळेचं तसं नाही. एक मणी चिमटीत धरा आणि भिंगातून त्याच्या भोकाकडे बघा. कडेला तपकिरी, राळेसारखं काहीतरी दिसेल. ती लाख. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आतून पोकळ असतात. ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. यात फसवणूक काही नाही, घडणच तशी आहे. फसवणूक होते ती लाखेसकट वजन करून सोन्याचा भाव लावला की. शिवाय प्रत्येक मण्याला टाका आहे, म्हणजे झाळ. जुन्या कारागिराच्या टाक्यात सोनं कमी आणि इतर धातू जास्त असायचा. मणी जितके जास्त तितके टाके जास्त, आणि तितका अख्ख्या माळेचा टंच, म्हणजे शुद्धता, खाली.

तुमच्या १५ ग्रॅमच्या माळेत ४ ग्रॅम लाख आहे असं समजा. राहिलं ११ ग्रॅम. सगळं गाळून ते सरासरी २० कॅरेटचं निघालं, तर २२ कॅरेटच्या हिशेबानं ते झालं १० ग्रॅम. किंमत १,००,०००. आणि सराफ तुमच्याकडून घेणार १५ ग्रॅमचे, ग्रॅमला ९,००० प्रमाणे १,३५,०००! आता गंमत बघा. ११ ग्रॅम सोन्याची नवी कोरी, हॉलमार्कची म्हणजे शुद्धतेचा सरकारमान्य शिक्का असलेली बोरमाळ, मजुरी वीस टक्के धरूनसुद्धा, करासकट १,३५,९६० ला पडते. नवीमध्ये लाखेचं वजन चांगला सराफ वजा करून दाखवतो. म्हणजे हजारभर रुपयांच्या फरकासाठी तुम्ही वापरलेली, बिनशिक्क्याची, चेपलेल्या मण्यांची माळ घेणार आणि वर ती 'स्वस्तात मिळाली' म्हणून चार जणींना सांगणार.

माझे आकडे धरलेले आहेत. तुमच्या माळेत लाख तीन ग्रॅम निघेल किंवा पाच निघेल. पण विचारायचा प्रश्न बदलत नाही: 'लाख वजा जाता निव्वळ वजन किती, आणि टंच किती?' या प्रश्नावर सराफ 'अहो, विश्वास नाही का' असं म्हणाला, तर हसून चहा प्या आणि उठा.

तपासणीचं म्हणाल तर आता ती अवघड राहिलेली नाही. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकही दागिना घेऊन जाऊ शकतो. चार डागांपर्यंत, म्हणजे दागिन्यांपर्यंत, तपासणीची फी २०० रुपये, वर कर. तुमच्या भागातल्या केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर मिळते. बरेच सराफ स्वतःच्या दुकानातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांच्या) मशीनवर लगेच टंच काढून दाखवतात, तेही चालेल. पण ते मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, हे ध्यानात ठेवा. वर मुलामा असेल तर ते मुलाम्याचा टंच सांगेल. म्हणून डाग उलटा करायला लावा. पाटलीचा आतला घासलेला भाग, स्क्रू किंवा कडीजवळची जागा आणि मधला सपाट भाग, तिन्ही ठिकाणी वेगवेगळं वाचन घ्यायला सांगा. तिन्ही आकडे जवळपास आले तर समाधान माना. सांध्याजवळ थोडा कमी येणारच. मधल्या भागात ९१.६ (म्हणजे २२ कॅरेट) आणि आतल्या बाजूला ८५ आलं तर मात्र गडबड आहे.

आता 'जीएसटी नाही, रोख द्या' याबद्दल. याचा सरळ अर्थ, बिल नाही. सराफाला कर वाचवायचा असेल तर तो त्याचा प्रश्न, पण बिल नसल्याचं नुकसान तुमचं आहे. त्यातून २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख स्वीकारायला आयकर कायद्यात बंदी आहे, दंड रोख घेणाऱ्याला होतो. हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आणि जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच जीएसटी भरायची सोय अटींसह आहे, तेव्हा 'बिल केलं तर तुम्हालाच महाग पडेल' ही भीती दाखवली तर ती पुरती खरी नाही.

हॉलमार्कचंही तसंच. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला सोन्याचा दागिना सक्तीच्या जिल्ह्यांत सराफानं विकायचा नाही, असा नियम आहे. दोन ग्रॅमच्या आतले डाग आणि वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेले छोटे दुकानदार यांना सूट आहे. घरात आजीकडून आलेला बिनशिक्क्याचा दागिना तुम्ही ठेवा, विका, तुम्हाला कुणी विचारणार नाही. पण दुकानदार विकत असेल तर त्यानं आधी हॉलमार्क करून मग विकावा. हाच तुमचा सौद्यातला हुकमी पत्ता. म्हणा, 'पाटल्या घेते, पण हॉलमार्क करून द्या.' खर्च किरकोळ असतो. पाटल्या खऱ्या असतील तर ते तयार होतील. शिक्का उमटला की बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक घालून बघायचा. टंच आणि वस्तूचा प्रकार तिथं दिसतो, तो हातातल्या वस्तूशी जुळायला हवा.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. त्यांना हसू नका. तासगावात गहाण म्हणजे काय हे त्यांनी बघितलेलं असणार. ऑक्टोबरात फळछाटणी आली, औषधांच्या फवारण्यांचा खर्च आला की घरातला डाग सराफाकडे जायचा, आणि द्राक्षं विकली किंवा बेदाणा झाला की सुटायचा. एखाद्या वर्षी अवकाळी बाग झोडपून गेला की सुटायचा नाही. तुमच्या या पाटल्यांमागे असं एखादं घर असू शकतं.

पण तळतळाट टाळायचा उपाय पाटल्या न घेणं हा नाही. उपाय म्हणजे त्या घराचे पैसे त्या घराला मिळाले का हे बघणं. अनेकांना, सराफांनासुद्धा, वाटतं की मुदत संपली की डाग सावकाराचा झाला. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १७६ सांगतं की कर्ज थकलं तर गहाण ठेवून घेणाऱ्याला वाजवी नोटीस देऊन वस्तू विकता येते, आणि विकून आलेल्या पैशातून येणं फिटल्यावर वर जे उरेल ते गहाण ठेवणाऱ्याला द्यावं लागतं. कलम १७७ त्याच्याही पुढचं: प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदार पैसे भरून आपली वस्तू सोडवू शकतो. म्हणजे आज, तुम्ही हे वाचताय तेव्हाही, त्या पाटल्या कुणाच्या तरी आहेत.

त्यामुळे सराफांना तीन गोष्टी विचारायला लाजू नका. सावकारीचा परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे तो सहकार खात्याच्या निबंधकांकडून घ्यावा लागतो, आणि नुसतं सराफी दुकान आहे म्हणून गहाण घेता येत नाही. गहाण ठेवणाऱ्याला नोटीस दिली का, तिची नक्कल आहे का? आणि माझ्याकडून येणाऱ्या २,७०,००० मधून तुमचं मुद्दल-व्याज वजा जाता उरलेले पैसे त्या माणसाला देणार का? हे तिसरं विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा. मुद्दल दीड लाख असेल तर व्याज धरूनही चांगली रक्कम उरते. ती परत गेली तर त्या घराचं नुकसान कमी झालं, तुमच्यामुळे वाढलं नाही. खात्यावर त्या माणसाची सही, पैसे मिळाल्याची पोच, असं काही दाखवलं तर ते सासूबाईंना सांगा. त्यांचं मन वळेल असं मला वाटतं. नाव-पत्ता मात्र खोदून विचारू नका, त्या घराची अब्रू आहे.

तिन्ही प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरं आली तर पाटल्याही सोडा. कारण दुसरा धोका त्याहून मोठा आहे. डाग चोरीचा निघाला तर पोलीस तो मुद्देमाल म्हणून जप्त करतात, आणि तो शेवटी मूळ मालकाकडे जातो. विकणाऱ्याची मालकी नसेल तर घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, हे तत्त्व वस्तू विक्री कायद्यात १९३० पासून आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तो गुन्हाही होतो. अर्ध्या भावात, बिल न देता, घाईघाईनं विकतोय हेच 'कारण' ठरू शकतं. तुमच्याकडे बिल असेल, पैसे बँकेतून गेले असतील, तर निदान तुम्ही प्रामाणिकपणे घेतलं हे दाखवता येतं आणि पैसे कुणाकडे मागायचे हे माहीत असतं. लग्नानंतर सहा महिन्यांनी मुलीच्या सासरी पोलीस आले, तर सत्तर हजार वाचवल्याचं समाधान कुठल्या कुठे जाईल.

बँका आणि सोनेतारण कंपन्यांच्या लिलावातून घ्यावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ह्यांनी पेपरातली जाहिरात दाखवली असेलच किंवा दाखवतील. माझं मत, तुमच्यासारख्या एक-दोन डाग घेणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये. तिथं वस्तू आहे त्या स्थितीत घ्यावी लागते, आधी अनामत भरावी लागते, आणि पुष्कळदा अनेक खात्यांचे डाग एकत्र लॉटमध्ये निघतात. बोली लावणारे बहुतेक व्यापारी असतात, त्यांना दागिना घालायचा नसतो, गाळायचा असतो. विटा तुमच्या शेजारीच आहे. तिथल्या, खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांनी देशभर सोनं-चांदी गाळायच्या पेढ्या थाटल्या, त्यांना डाग हातात घेतला की आतलं सोनं कळतं. त्यांच्याशी बोलीत आपण काय टिकणार? शिवाय स्वस्ताईलाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे लिलावाची राखीव किंमत सोन्याच्या चालू मूल्याच्या ९० टक्क्यांखाली ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तरच ८५ पर्यंत उतरता येतं. कर्जदाराचं वरचं उरलेलं परत करायलाही सात कामाच्या दिवसांची मुदत घातली आहे. म्हणजे कायदेशीर मार्गानं गेलेलं सोनं मातीमोल भावात मिळत नाही, आणि ते बरंच आहे.

यावरून तुमच्या सराफांच्या भावाचाही अंदाज घ्या. दहा टक्के कमी हा गहाणातल्या भरीव डागासाठी रास्त भाव आहे. कुणी तीस टक्के कमी म्हणाला असता तर मी तुम्हाला पळून जा म्हटलं असतं.

आणखी एक. पाटल्या मुलीला जशा आहेत तशा घालायच्या असतील तरच घ्या. 'आत्ता घेऊन ठेवू, मग मोडून तिच्या पसंतीचं काही करू' असा बेत असेल तर सगळं गणित फिसकटतं. मोडताना घट जाणार, नव्याची मजुरी पुन्हा लागणार, आणि वाचलेले पैसे तिथंच संपणार. लेकीला हातात घालून दाखवा. हल्लीच्या मुलींना नाजूक लागतं, दीड-दीड तोळ्याची जुनी रुंद पाटली तिला 'आजीची' वाटली तर कपाटात पडून राहील. मुलींना जुनी घडण आवडते असं म्हणतात खरं, पण ते फोटोत.

दिरांच्या मोटारसायकलला फार वेळ देत नाही. गाडी आरसीवर ज्याच्या नावावर आहे त्याची सही फॉर्म २९ आणि ३० वर असल्याशिवाय ती दिरांच्या नावावर होत नाही. सावकाराकडे नुसती चावी आणि आरसीचं कार्ड असून काही उपयोग नाही. त्यावर आधीचं बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज नोंदवलेलं असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ वेगळा. मूळ मालक समोर येऊन सह्या करत असेल तर सरळ त्याच्याकडूनच घ्यावी, सराफ मधे कशाला? आणि तो येत नसेल तर घेऊ नये. नाहीतर अपघात झाला की कागदावरचा मालक एक आणि चालवणारा दुसरा, असा घोळ होईल.

बोरमाळ तुम्हाला फारच आवडली असेल, तर एक वाट आहे. लाख वजा करून निव्वळ वजन आणि टंच काढून घ्या, त्यावरून निघणाऱ्या सोन्याच्या किमतीत दहा टक्के कमी करून बोला. माझ्या वरच्या उदाहरणात ते ९०,००० होतात. सराफ १,३५,००० वरून तिथं येतील का? कदाचित येणार नाहीत, आणि मग तुम्हाला कळेल की सवलत कुठून दिली जात होती. नाही आले तर पाटल्यांवर वाचलेल्या पैशात भर घालून मुलीला हलकी, नवी, शिक्क्याची माळ करा. सात-आठ ग्रॅममध्येही छान होते.

बिल करताना ते मुलीच्या नावानं करा, तुमच्या किंवा ह्यांच्या नावानं नको. वजन, टंच, एचयूआयडी क्रमांक आणि 'जुना दागिना' असा उल्लेख त्यावर हवा. पैसे तुमच्या खात्यातून गेले तरी चालतं, आईनं मुलीला दिलेली भेट ती. पाटल्यांचा फोटो आणि बिलाची एक प्रत तिच्याकडे, एक तुमच्याकडे. तिचं स्त्रीधन म्हणून उद्या कुठं दाखवायची वेळ आली तर तोच कागद लागतो. दोन लाखांच्या वरची खरेदी असल्यानं पॅन क्रमांक मागतील, तेव्हा तिचं कार्ड सोबत न्यायला विसरू नका.